बाक कुठे ठोकायचा? घरी बांधलेल्या होडीतल्या बसण्याच्या जागेचं गणित

होडी बांधून झाली होती. फळ्या जुळल्या, सांधे भरले, रंगाचे दोन हात मारून झाले. मग मी टेप लावून लांबीचा बरोबर मध्य काढला आणि तिथे बाक ठोकला. वल्ही अडकवायच्या खुंट्याही त्याच रेषेत, बाकाच्या अगदी शेजारी, दोन्ही काठांवर बसवल्या. मध्य म्हणजे मध्य, यात चुकण्यासारखं काय आहे, असं वाटलं होतं. पाण्यात उतरल्यावर पहिल्याच ओढीला दोन्ही मुठी माझ्या पोटात बसल्या.

घरी येऊन बाक उखडला आणि दीड वीत होडीच्या निमुळत्या टोकाकडे सरकवून पुन्हा ठोकला. खुंट्या होत्या तिथेच राहिल्या. आता हात मोकळे झाले, ओढ लांब बसू लागली. पण होडी सरळ जाईना. मी काठावरच्या एका झाडाकडे बघून वल्हवत होतो, आणि ते झाड कधी उजवीकडे पळायचं, कधी डावीकडे. काठावर उभ्या मित्राने सांगितलं, "अरे, तुझं नाक पाण्यात चाललंय."

एका चुकीच्या दुरुस्तीतून दुसरी चूक झाली होती. बाकाच्या जागेवर दोन वेगवेगळ्या गोष्टींचा हक्क असतो, हे मला तेव्हा कळलं. एक वल्हवणाऱ्याचं शरीर, दुसरं होडीचं तरंगणं. दोघांचं एकाच वेळी जमलं तरच जागा बरोबर. ते कसं जमवायचं, हे समजून घ्यायला थोडं शाळेतलं विज्ञान आणि एक टेप पुरते.

आधी चार शब्द पक्के करू

वल्हवणारा होडी जिकडे जाते तिकडे पाठ करून बसतो. त्यामुळे "बाक थोडा पुढे घे" म्हटलं की त्याच्या पुढे की होडीच्या पुढे, हा घोळ हमखास होतो. म्हणून "पुढे-मागे" हे शब्द इथे जमेल तितके टाळतो. होडीचं निमुळतं, पाणी कापणारं टोक ते नाळ. विरुद्ध टोक ते पिछाडी. लहान होड्यांत तिथे बहुधा एक सपाट उभी फळी असते. वल्हवणाऱ्याचं तोंड आणि पाय पिछाडीकडे, पाठ नाळेकडे.

काठावर वल्हं ज्यात अडकून फिरतं, ती कडी असो वा नुसता दांडा, तिला खुंटी म्हणू. वल्हवणारा ज्या आडव्या पट्टीला तळवे रेटतो ती पायपट्टी. बाक म्हणजे अर्थातच बसायची आडवी फळी.

उलटं बसायचं कशासाठी, हा प्रश्न लहान मुलं विचारतात आणि तो रास्त आहे. मूठ छातीकडे ओढताना पाय, कंबर आणि पाठ हे शरीरातले सगळ्यात ताकदीचे स्नायू कामाला येतात. ढकलताना त्यातले बरेचसे बाहेर राहतात. दिशा बघायला मान वळवावी लागते, ही त्या ताकदीची किंमत.

होडी म्हणजे पाण्यावरचा सीसॉ

सीसॉवर एका बाजूला जाडा मुलगा आणि दुसऱ्या बाजूला हडकुळा असेल तर जाडा मधल्या टेकूकडे सरकून बसतो. वजन तेच राहतं, टेकूपासूनचं अंतर बदलतं. वजन आणि अंतर यांचा गुणाकार दोन्ही बाजूंना सारखा झाला की फळी आडवी राहते. होडीतही हेच होतं. फरक इतकाच की टेकू खालून एका बिंदूवर नसतो. पाणी सगळ्या तळाला उचलून धरतं आणि त्या उचलण्याचा एक सरासरी मध्य असतो. त्याला तोलबिंदू म्हणू. एकूण वजन बरोबर त्या बिंदूवर आलं तर होडी सपाट बसते.

हा तोलबिंदू लांबीच्या बरोबर मध्यावर असतो का? बहुतेक होड्यांत नाही. नाळ निमुळती असते, तिथे पाण्याला धरायला जागा कमी. पिछाडी रुंद असते. म्हणून तो मध्यापासून थोडा पिछाडीकडे सरकलेला असतो. घरबसल्या अंदाज घ्यायचा असेल तर होडी पाण्यात ज्या रेषेपर्यंत बुडते त्या रेषेचा वरून दिसणारा आकार जाड पुठ्ठ्यावर प्रमाणात कापा आणि पट्टीच्या कडेवर आडवा ठेवून तोलून पाहा. जिथे तो तोलला जाईल तिथे खूण करा. शंभर टक्के अचूक उत्तर नाही हे, पण बाक ठरवायला पुरेसं जवळचं आहे.

आता वल्हवणाऱ्याचं वजन नेमकं कुठे पडतं ते बघू. आपण बसतो बाकावर, पण मांड्या, पोटऱ्या, पावलं सगळी पिछाडीच्या दिशेने पसरलेली असतात. म्हणून शरीराच्या वजनाचा मध्य बाकाच्या मधोमध पडत नाही, तो बाकाच्या पायांकडच्या कडेच्या आसपास पडतो. एकट्यासाठी बाक ठरवायचा तर ती कड तोलबिंदूच्या आसपास यायला हवी, बाकाचा मध्य नव्हे. माझ्या होडीत निव्वळ मधोमध ठोकलेला पहिला बाक तोलाच्या दृष्टीने जवळजवळ बरोबरच होता, हे मला फार उशिरा कळलं. चुकल्या होत्या त्या खुंट्या. मी मात्र निर्दोष बाकाला हलवून शिक्षा केली.

नाक बुडालं किंवा शेपूट बुडालं तर इतकं काय बिघडतं?

बाणाची पिसं शेवटच्या टोकाला का असतात? तिथे हवेचा विरोध जास्त झाला की बाण सरळ राहतो. तीच पिसं पुढच्या टोकाशी बांधली तर बाण कोलांट्या खाईल. होडीची नाळ खोल बुडाली की नेमकं तेच होतं. पुढचं टोक पाण्यात रुतून बसतं, हलकी झालेली पिछाडी मोकळी सुटते आणि जराशा धक्क्याने बाजूला घसरते. एकदा वळू लागली की आणखी वळत जाते. वल्हवणाऱ्याची निम्मी मेहनत मग होडी सरळ करण्यातच जाते.

पिछाडी फार बुडाली तर दुखणं वेगळं. ती सपाट उभी फळी पाण्यात उतरते आणि तिच्यामागे भोवरे उठतात. पाण्यातून पाट उभा धरून ओढल्यासारखं वाटतं. वर नाळ उचललेली असते, त्यामुळे वारा तिला शिडासारखा ढकलतो.

या दोन दोषांत उजवं-डावं करायचंच तर पिछाडी बोटभर खाली असणं चालतं, नाळ खाली असणं चालत नाही. शांत पाण्यात उभ्या होडीत पिछाडीच्या फळीची खालची कड पाण्याला जेमतेम टेकलेली किंवा किंचित वर असावी. बांधणाऱ्यांनी हीच एक खूण डोळ्यांसमोर ठेवली तरी बरंच काम होतं.

बाक, खुंटी आणि पायपट्टी: एकाला हलवलं की तिघांना हलवा

सायकलची सीट, हँडल आणि पॅडल यांची एकमेकांतली अंतरं ठरलेली असतात. नुसती सीट हातभर मागे नेली तर सायकल चालवता येणार नाही. होडीत बाक, खुंटी आणि पायपट्टी यांचा असाच एक संच आहे.

खुंटी बाकाच्या शेजारी नसते, ती पिछाडीच्या बाजूला असते. बाकाच्या पायांकडच्या कडेपासून खुंटीच्या मध्यापर्यंत साधारण ३० सेंटिमीटर हे रूढ माप आहे. बुटक्या माणसाला २५ बरं पडतं, लांब हातांच्याला ३५ पर्यंत जाता येतं. हे अंतर कुठून आलं? वल्हं होडीशी काटकोनात असताना त्याचं पातं सगळं पाणी थेट पिछाडीकडे ढकलतं. काटकोनापासून जितकं दूर जाल तितकं ते पाणी बाजूला ढकलतं आणि ताकद वाया जाते. म्हणून ओढ काटकोनाच्या अलीकडे आणि पलीकडे विभागली जायला हवी, सुरुवातीचा वाटा थोडा मोठा. खुंटी शरीराच्या फार जवळ असली तर मूठ पोटाला आधीच भिडते आणि ओढीचा शेवट कापला जातो. फार लांब असली तर सुरुवातीला हात पुरत नाहीत, आणि शेवटी पाठीवर रेलून पातं होडीच्या अंगाकडे खेचत बसावं लागतं.

उंचीचं मापही आहे. बाकाच्या पृष्ठभागापासून खुंटीपर्यंत १८ ते २३ सेंटिमीटर. याचं कारण तरफेत दडलेलं आहे. वल्ह्याचा खुंटीच्या आतला भाग आणि बाहेरचा भाग यांचं प्रमाण साधारण ७ ला १८ ठेवतात. म्हणजे पातं पाण्यातून २५ सेंटिमीटर वर उचलायचं तर मूठ सुमारे १० सेंटिमीटर खाली दाबावी लागते. शांत तळ्यात इतकं उचलायची गरज पडत नाही. पण लाटा आल्या की पडते, आणि तेव्हा मूठ आणि मांड्या यांच्यामध्ये जागा नसेल तर बोटं चेंगरतात. खुंटी गरजेपेक्षा उंच ठेवली तर खांदे सतत वर ओढलेले राहतात आणि अर्ध्या तासात मान धरते.

बाक स्वतः किती उंच हवा, हा यातला नाजूक भाग. तळापासून १८ ते २५ सेंटिमीटर हा पट्टा बहुतेकांना मानवतो. फार खाली बसलात तर गुडघे वर येतात आणि मुठींच्या वाटेत उभे राहतात. फार वर बसलात तर होडी डुलू लागते. समजा माणूस ७० किलोचा आणि होडी ५० किलोची. बाक ५ सेंटिमीटर उचलला तर सगळ्या वजनाचा मध्य जवळपास ३ सेंटिमीटर वर जातो. कागदावर ३ सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही, पण अरुंद होडीत ते चढताना-उतरताना लगेच जाणवतं. मी असतो तर शंका आल्यावर खालचं माप निवडलं असतं. उशी ठेवून बाक उंच करता येतो, ठोकलेला बाक तासून खाली आणता येत नाही.

राहिली पायपट्टी. नवखे बांधणारे सगळ्यात जास्त दुर्लक्ष हिच्याकडेच करतात. मूठ तुम्ही छातीकडे ओढता तेव्हा मूठही तुम्हाला पिछाडीकडे ओढत असते. न्यूटनचा तिसरा नियम. त्या ओढीला उत्तर देणारं काहीतरी पायाखाली नसेल तर तुम्ही बाकावरून घसरता, आणि न घसरण्यासाठी मांड्या आवळून धरता. पायपट्टी असली की पाय ताणून सगळा जोर वल्ह्यावर घालता येतो. गुडघे किंचित वाकलेले राहतील एवढ्या अंतरावर ती हवी, आणि ती सरकवता आली पाहिजे. तळाशी दोन्ही बाजूंना खाचांच्या पट्ट्या लावून ५-५ सेंटिमीटरवर चार-पाच घरं केली की बुटक्यापासून उंचापर्यंत सगळ्यांची सोय होते. उंचीतला फरक पायपट्टीने निस्तरायचा, बाकाने नव्हे.

दुसरा माणूस बसला की काय होतं?

इथे गणित खरोखर मजेदार होतं, म्हणून थोडं थांबू.

३.६ मीटर लांबीची होडी घ्या. ७० किलोचा वल्हवणारा तोलबिंदूवर बसला आहे, होडी सपाट आहे. आता ६० किलोचा पाहुणा पिछाडीच्या बाकावर बसतो, तोलबिंदूपासून १.४ मीटरवर. गुणाकार ८४. विरुद्ध बाजूला काहीच नाही, कारण वल्हवणारा टेकूवरच आहे. दोघांच्या मिळून १३० किलो वजनाचा मध्य तोलबिंदूपासून ६५ सेंटिमीटर पिछाडीकडे गेला. अशा होडीत दोन टोकांच्या पातळीत वीतभर फरक सहज पडतो. नाळ आकाशाकडे, पाहुण्याची पाठ पाण्याकडे.

वल्हवणारा उठून नाळेच्या बाजूला १ मीटरवर बसला तर त्याचा गुणाकार ७०. उरला फरक १४ चा, म्हणजे एकूण वजनाचा मध्य फक्त ११ सेंटिमीटर पिछाडीकडे. होडी पुन्हा माणसात आली. कावडीच्या एका बाजूला घागर भरली की दुसऱ्या बाजूलाही भरावी लागते, तसंच.

म्हणून ज्या होडीत कधी एकटं आणि कधी दुकटं जायचं आहे तिला वल्हवायच्या दोन जागा लागतात: एक तोलबिंदूपाशी, दुसरी नाळेकडे. प्रत्येक जागेला आपापला बाक, आपापल्या खुंट्या, आपापली पायपट्टी. तिघंजण असतील तर एक पिछाडीला, एक नाळेला, आणि वल्हवणारा परत मधे. साठ किलोचा तिसरा माणूस नाळेच्या बाकावर १.२ मीटरवर बसला तर त्याचा गुणाकार ७२, पिछाडीच्या ८४ ला जवळजवळ पुरता.

नाळेकडच्या जागेत एक अडचण लपलेली असते. तिथे होडी अरुंद असते, म्हणून दोन खुंट्यांमधलं अंतर कमी होतं. वल्ह्याची लांबी काढायची एक जुनी रीत आहे: दोन खुंट्यांमधल्या अंतराचं निम्मं करा, त्यात ५ सेंटिमीटर मिळवा, त्याला २५ ने गुणा आणि ७ ने भागा. मधल्या जागेत खुंट्यांमध्ये १२० सेंटिमीटर असतील तर आतला भाग ६५ आणि अख्खं वल्हं सुमारे २३२ सेंटिमीटर. या मापात दोन्ही मुठी एकमेकींवर १० सेंटिमीटर चढतात, ते हाताला सवयीचं होतं. तीच वल्ही घेऊन नाळेकडे गेलात आणि तिथे खुंट्यांमध्ये १०५ सेंटिमीटर असतील, तर मुठी २५ सेंटिमीटर एकमेकींवर चढतात. मग मनगटं आपटणार. यावर आखूड वल्ह्यांची दुसरी जोडी करा, किंवा वल्ह्यावरचा अडकण, म्हणजे वल्हं खुंटीतून घसरू नये म्हणून त्यावर बसवलेला जाड पट्टा, मुठीकडे सरकवून आतला भाग कमी करा. दुसरा उपाय फुकटातला, पण मूठ थोडी जड लागते.

दोघं एकाच वेळी वल्हवणार असतील तर?

मग दोन बाकांमधलं अंतर तोलापेक्षाही शरीर ठरवतं. दोघांचा ठेका जरा चुकला, की नाळेकडच्याचे हात लांब होत असतानाच पिछाडीकडच्याची पाठ त्याच्याकडे झुकते आणि मुठी पाठीत बसतात. एका जागेच्या खुंटीपासून दुसऱ्या जागेच्या खुंटीपर्यंत किमान ९० सेंटिमीटर ते १ मीटर हवं. त्याहून जास्त मिळालं तर घ्यावं.

हे अंतर किती महत्त्वाचं, याचा एक धडा फार मोठ्या होडीने दिला आहे. प्राचीन ग्रीकांच्या तीन मजली वल्ह्यांच्या युद्धनौकेची पूर्ण आकाराची प्रतिकृती 'ऑलिंपिआस' या नावाने १९८७ साली पाण्यात उतरली. तिच्यात १७० वल्हेकरी बसतात. जुन्या लिखाणात दोन खुंट्यांमधलं अंतर दोन हात असल्याचा उल्लेख आहे. बांधणाऱ्यांनी एक हात ४४.४ सेंटिमीटरचा धरला आणि अंतर ८८.८ सेंटिमीटर ठेवलं. चाचण्यांत वल्हेकऱ्यांना पूर्ण हात लांब करून ओढ घेता येईना. पुढे अभ्यासकांनी ४९ सेंटिमीटरचा हात जास्त संभवतो असं मांडलं, म्हणजे अंतर ९८ सेंटिमीटर. सव्वानऊ सेंटिमीटरचा फरक, आणि तोही जवळपास ३७ मीटर लांबीच्या नौकेत. पण फरक माणसाच्या हाताला पडत होता, नौकेच्या लांबीशी त्याचा संबंध नव्हता.

"नकाशात बाकाची जागा दिलेली असते की"

असते. नकाशा तयार करणाऱ्याने एक सरासरी माणूस आणि एक सरासरी वापर मनात धरलेला असतो. तुम्ही ५० किलोचे असाल, किंवा ९५ किलोचे, किंवा पिछाडीला नेहमी जाळं आणि पाण्याचे कॅन घेऊन जाणार असाल, तर ते सरासरी तुम्हाला लागू पडत नाही. शिवाय घरी बांधताना होडी नकाशाबरहुकूम उतरतेच असं नाही. एखादी फळी जाड लागते, पिछाडी जरा जड होते. नकाशातली खूण ही सुरुवातीची जागा समजा.

"मग बाक शेवटी ठोकायचा, तर तोवर होडीच्या बाजू कोण धरणार?"

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. बाक ही नुसती बसायची फळी नसते. ती दोन बाजूंना एकमेकींशी बांधून ठेवते. लहान होडीत बाक काढला तर बाजू फाकतात किंवा आत दबतात, आणि हाताने दाबून ते दिसतंही. वल्ह्यांचा सगळा जोर खुंट्यांवाटे काठावर येतो, आणि काठ हलायचं थांबवतात ते बाक आणि त्याच्या दोन टोकांना लावलेले लाकडी गुडघे, म्हणजे कोपऱ्यातले वाकडे आधार.

म्हणून बाक लांबणीवर टाकायचा तर त्याच्या जागी तात्पुरत्या आडव्या पट्ट्या काठाला स्क्रूने बांधून ठेवायच्या. बाजूंना आतून लांबीच्या दिशेने एकेक आधारपट्टी मात्र आधीच पक्की करून घ्या. बाक तिच्यावर टेकतो, त्यामुळे चाचणीच्या दिवसांत फळी नाळेकडे किंवा पिछाडीकडे सरकवणं सोपं जातं. फळी २ ते २.५ सेंटिमीटर जाडीची आणि २० ते २५ सेंटिमीटर रुंदीची पुरते. होडी मीटरहून रुंद असेल तर बाकाच्या मध्याखाली एक छोटा खांब द्या, म्हणजे जड माणसाखाली फळी लवत नाही.

दोन चाचण्या: एक अंगणात, एक पाण्यात

शरीराची चाचणी कोरड्या जमिनीवर करता येते. होडी सपाट ठेवून तिला दोन्हीकडून टेकू द्या. आत योग्य उंचीचं खोकं ठेवून बसा, वल्ही हातात घ्या. खुंट्या अजून ठोकू नका. शिकंज्याने काठाला तात्पुरत्या आवळा. पाण्याची पातळी जिथे येणार तिथे बाहेर दोन्ही बाजूंना स्टुलं ठेवून पात्यांची उंची ठरवा. मग डोळे मिटून दहा-बारा ओढी घ्या. हात पूर्ण लांब होतात का, ओढ संपताना मुठी खालच्या बरगड्यांपाशी येतात का, परतताना मांड्यांना लागतात का, एवढं बघायचं. घरातल्या सगळ्यांना एकेकदा बसवा. शेजारी हसतील.

तोलाची चाचणी मात्र पाण्याशिवाय होत नाही. वारा नसलेली सकाळ, कमरेएवढं पाणी, अंगात लाइफ जॅकेट, आणि काठावर किंवा पाण्यात उभा असलेला एक निरीक्षक. आतला माणूस होडीचा सपाटपणा ठरवू शकत नाही, कारण त्याची नजर होडीबरोबरच झुकते. सुट्या फळीवर बसा. निरीक्षकाने नाळ आणि पिछाडी दोन्हीकडे पाण्याची रेघ खडूने आखायची. फळी ५ सेंटिमीटर सरकवा, पुन्हा आखा. जागा बदलताना उभं राहायचं नाही; बुडावरच सरकायचं. एकट्याची जागा मिळाली की दुसऱ्याला पिछाडीला बसवून नाळेकडची जागा शोधा. या जागा आधारपट्टीवर पेन्सिलीने लिहून ठेवा आणि घरी येऊन खुंट्या त्या हिशोबाने बसवा: आधी बाक, त्यावरून खुंटी, त्यावरून पायपट्टी. दुरुस्ती करताना मी नेमका उलटा क्रम धरला होता.

"एवढं करण्यापेक्षा वजन ठेवून तोल साधला तर?"

साधतो. २० लिटरचा पाण्याने भरलेला कॅन म्हणजे २० किलो. तो नाळेपाशी १.५ मीटरवर ठेवला तर ३० चा गुणाकार मिळतो. एखाद्या दिवशी पाहुणा जड आला तर हा उपाय छान. पण चुकलेल्या बाकाची भरपाई म्हणून रोज २० किलो वाहून नेणं म्हणजे रोज एक लहान मूल फुकट फिरवणं. शिवाय कॅन बांधलेला हवा. मोकळा कॅन लाटेत एका बाजूला घरंगळला तर तो होडीला त्याच बाजूला नेतो.

"शर्यतीच्या होड्यांसारखा सरकता बाक लावू का?"

सरकत्या बाकामुळे पायांची पूर्ण ताकद वल्ह्यात उतरते हे खरं. पण शर्यतीच्या होड्या लांबलचक आणि निमुळत्या असतात. शरीर मागे-पुढे झालं तरी त्यांचा तोल फारसा हलत नाही. साडेतीन मीटरच्या होडीत ७० किलोचं शरीर दर ओढीला हातभर इकडून तिकडे गेलं तर नाक खाली-वर डोलत राहतं. त्यात खुंट्याही काठाबाहेर काढाव्या लागतात आणि वल्ही लांब करावी लागतात. छंद म्हणून करून बघायला हरकत नाही. पहिल्या होडीत नको.

माझ्या होडीला आता दोन जागा आहेत. बाक पहिल्या वर्षी नुसत्या स्क्रूंवर ठेवले होते, डिंक लावला नाही. हंगामाच्या शेवटी नाळेकडचा बाक ४ सेंटिमीटर सरकला, तेव्हा ते शहाणपण कामी आलं. काठावर जुन्या खुंट्यांची भोकं उरली होती. तशीच सोडली तर पाणी मुरून लाकूड आतून कुजतं, म्हणून त्यात त्याच लाकडाचे गोल तुकडे इपॉक्सी (पक्का चिकटणारा गोंद) लावून ठोकले, तासले आणि वरून रंग दिला. तिरकं ऊन पडलं की चार गोल अजून दिसतात.